53 सेकंद: एकाच जर्सीतले दोघे

सायकल रेस संपल्यावर गोव्यातल्या साखळी गावात सायकली गाडीच्या कॅरियरवर चढवत होतो, तेव्हा एक पांढरी पट्टी माझ्या नजरेस पडली. जखमेवर लावतात ती कागदी चिकटपट्टी. सायकलच्या वरच्या पाइपवर हँडलच्या बाजूला लावलेली, चालवताना मान खाली केली की वाचता यावी अशी. तिच्यावर बॉलपेनने नऊ ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक ओळीत एक नंबर आणि शनिवारच्या निकालातला पहिल्यापासूनचा फरक. घामाने वरच्या ओळी फुटल्या होत्या, शाई पसरली होती. सगळ्यात खालची ओळ मात्र स्वच्छ वाचता येत होती: 27, आणि त्यापुढे 1:24.

27 हा आमच्याच क्लबच्या मुलाचा नंबर होता. आणि शनिवारी रात्री निकालाच्या कागदावरून ते नऊ नंबर वाचून दाखवणारा मी होतो.

डिसेंबरमधल्या त्या दोन दिवसांवर आमच्या क्लबात महिनाभर बोलणं चाललं. कोणी म्हणालं म्हापशाच्याने दगा दिला, कोणी म्हणालं साखळीच्याने आधी दिला. मी क्लबचा कॅप्टन. रेसमध्ये होतो, पण निर्णायक वेळी मागे पडलेला होतो. म्हणून हे प्रकरण मी दोघांच्या सायकल-कॉम्प्युटरमधल्या नोंदी, त्या पट्टीवरचे आकडे आणि नंतर झालेली बोलणी यांवरून जुळवून लिहितो आहे. दोघांची परवानगी आहे. नावं घालत नाही, गावावरून ओळखू.

म्हापशाचा 38 वर्षांचा, बँकेत नोकरीला, वजन 74 किलो. सपाट रस्त्यावर एकटा सुटला की इंजिनासारखा चालतो. साखळीचा 24 वर्षांचा, होंडा गावातल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, वजन 57 किलो, आणि चढ आला की त्याला धरणं मुश्कील. तो म्हापशाच्याला दादा म्हणतो, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. त्याची पहिली रेसिंग सायकल दादानेच आपली जुनी दिलेली. दर रविवारी पहाटे जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर आमचा सराव असतो, तिथे गेली तीन वर्षं हे दोघे एकमेकांच्या चाकाला चाक लावून चालवत आले आहेत.

रेसची रचना साधी होती. शनिवारी पेडणे तालुक्यात 20 किलोमीटरची टाइम ट्रायल: प्रत्येकाने एकेकट्याने सुटायचं, कोणाच्या मागे बसायचं नाही. रविवारी 72 किलोमीटरची रोड रेस. साखळीहून पर्ये, केरी, मग चोर्ला घाटात अंजुणे धरणाच्या वरपर्यंत चढून वळायचं आणि त्याच वाटेने परत. अशा दोन फेऱ्या. दोन्ही दिवसांची वेळ मिळवून एकूण निकाल. स्टेजवर पहिले तीन उभे राहणार.

शनिवारचा निकाल असा लागला. पहिला मडगावचा, 28 मिनिटं 40 सेकंद. दुसरा त्याच्यामागे 14 सेकंद. तिसरा आमचा म्हापशाचा, 31 सेकंद. चौथा कोल्हापूरचा, 44. पाचवा बेळगावचा, 52. आणि नववा आमचा साखळीचा, 1 मिनिट 24 सेकंद. म्हणजे आमच्या दोघांत अंतर 53 सेकंदांचं. हा आकडा लक्षात ठेवा.

रात्री साखळीच्याच घरी जेवलो. मी योजना सांगितली: दादा तिसरा आहे, ते सांभाळायचं, साखळीच्याचा घरचा घाट आहे, तर चढावर काय होतं ते बघू. "बघू" हा माझा शब्द. त्याच्यावर मी नंतर फार विचार केला आहे. एकाने त्याचा अर्थ घेतला, संधी मिळाली तर निघ. दुसऱ्याने घेतला, आधी माझी जागा सांभाळली जाईल. दोघांनीही मान डोलावली. सोलकढी आली, विषय संपला.

रविवारी सकाळी साडेसहाला 46 जण सुटले. घाटात धुकं होतं, वळणांवर ओल आणि बारीक खडी. बेळगावहून भाजी घेऊन उतरणारे ट्रक पोलिसांनी वर अडवून धरले होते, पण तेवढाच वेळ, त्यामुळे आयोजक घाईत होते. पहिल्या चढावरच ग्रुप फाटला आणि अकरा जण पुढे उरले. त्यांत आम्ही तिघे. दुसऱ्या चढावर मी मागे पडलो, शनिवारचा दुसराही मागे पडला. आणि धरणाच्या वरच्या दुसऱ्या वळणावर बेळगावच्याने हल्ला चढवला. त्याच्या चाकाला लगेच लागला तो आमचा साखळीचा.

इथपर्यंत सगळं क्लबच्या भल्याचं झालं होतं. का, ते सायकल रेस न बघणाऱ्यांसाठी जरा थांबून सांगतो, कारण पुढचा सगळा वाद यावरच उभा आहे.

ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग थोडा वाढवायचा तरी हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर बसणाऱ्याची साधारण तिसरा हिस्सा मेहनत वाचते. आम्ही त्याला चाकाला बसणं म्हणतो. पुढे राहून हवा कापणाऱ्याला म्हणतो, तो ओढतोय. चढावर वेग कमी, म्हणून तिथे चाकाचा फायदा थोडा आणि वजनाचा हिशोब मोठा. सपाटीला येताच उलटं. म्हणून दोघे पुढे निसटले आणि मागे सहाजण असले, तर सहांनी आळीपाळीने ओढलं तर ते दोघांना गाठणार, हे उघड आहे. पण सहाजण क्वचितच आळीपाळीने ओढतात. प्रत्येकाला वाटतं, याने ओढावं आणि शेवटी मी त्याच्या पाठीवरून पुढे जावं. आणि त्या सहांत ज्याचा साथीदार पुढच्या दोघांत आहे, त्याला न ओढण्याचा पक्का हक्क मिळतो. त्याने शांतपणे तिसऱ्या-चौथ्या चाकाला बसावं. कोणी रागाने बघितलं तर हाताने पुढे दाखवावं: माझा माणूस तिथे आहे. हे बसणं आळसाचं नाही. क्लबच्या कामातलं सगळ्यात किमती काम तेच.

आता त्या सकाळचे आकडे. माथ्यावर दोघांकडे 38 सेकंद होते. मागे सहाजण: मडगावचा, म्हापशाचा, कोल्हापूरचा आणि आणखी तिघे. बेळगावच्याला 52 सेकंद कमी पडत होते, म्हणजे पुढचं अंतर 52 च्या वर गेलं की तो मडगावच्याकडून पहिली जागाच काढून घेणार. धोका सगळ्यात मोठा मडगावच्याला. ओढायचं त्याने. त्याच्यासोबत त्याच्या क्लबचं कोणी उरलं नव्हतं. एकट्याने ओढून तो साखळीपर्यंत दमला असता. मग दोघे सुटले असते तर रविवारची रेस जिंकायची निम्मी संधी आमची. धरले गेले असते तर ताजा राहिलेला म्हापशाचा शेवटच्या दोन किलोमीटरला एकटा निघाला असता. दोन्हीकडून आमचंच.

म्हापशाच्याचं यात काय जात होतं? शनिवारचा दुसरा मागे पडल्यामुळे तो चालता चालता दुसऱ्या जागेवर आला होता. अंतर 21 सेकंदांवर गेलं तेव्हा बेळगावचा त्याच्या पुढे झाला, म्हणजे म्हापशाचा परत तिसरा. तिथे तो टिकून होता. त्याची तिसरी जागा काढून घेऊ शकेल असा पुढे एकच माणूस होता, आणि त्यासाठी त्याला 53 सेकंदांपेक्षा जास्त लागणार होते.

घाट उतरून केरीत आल्यावर मोटारसायकलवरच्या स्वयंसेवकाने मागच्यांना अंतर ओरडून सांगितलं: "पन्नास!"

म्हापशाच्याची नोंद मी स्क्रीनवर मोठी करून पाहिली आहे. पायांची ताकद वॅटमध्ये दाखवणारी रेषा उतारावर जवळजवळ शून्याला. केरीच्या चौकानंतर दीड मिनिट ती एकसारखी खाली, चाकाला बसलेल्या माणसाची असते तशी, 180-190 वॅटच्या आसपास. मग एकदम भिंतीसारखी वर जाते आणि तिथेच राहते. साडेसहा किलोमीटर, सरासरी 271 वॅट. हा माणूस तासभर जेमतेम 280 धरू शकतो. मध्ये रेषा कुठे तुटत नाही, म्हणजे मडगावच्याशी आळीपाळीही झाली असेल तर नावाला. मडगावच्याचं काम आमचा माणूस करत होता.

साखळीच्याची नोंदही तितकीच बोलकी आहे. करवतीच्या दातांसारखी: मिनिटभर वर, मिनिटभर खाली, पुन्हा वर. बेळगावच्याबरोबर त्याने अगदी बरोबरीने पाळी घेतली. इथे त्याचंही चुकलं, आणि हे क्लबात फारसं कोणी बोललं नाही, कारण पकडला गेलेल्याची सगळ्यांना कीव येते. मागे आपला वरच्या जागेवरचा माणूस असताना पुढच्याने असं घाम गाळून ओढायचं नसतं. बेळगावच्याला सांगायचं, "माझा दादा मागे आहे, मी पाळी देणार नाही," आणि त्याच्या चाकाला बसायचं. तो वैतागला असता, शिव्याही दिल्या असत्या. पण ओढणं भाग त्यालाच होतं, पहिली जागा त्याला खुणावत होती. साखळीचा ताजा राहून शेवटी जिंकलाही असता, आणि अंतर 53 च्या पुढे जायची शक्यताही कमी झाली असती. दोघांची एकमेकांना पूरक अशी दोन बसून राहण्याची कामं होती, आणि दोघांनी ओढलं. एक पुढे, एक मागे, मध्ये दोरी ताणलेली.

साखळीच्या दोन किलोमीटर अलीकडे दोघे धरले गेले. त्याच क्षणी, सगळे एका दमाला श्वास घेत असताना, कोल्हापूरचा निघाला. दिवसभर त्याने वाऱ्यात नाक काढलं नव्हतं. तो 18 सेकंदांनी एकटा जिंकला आणि एकूणात दुसरा झाला. शेवटच्या छोट्या चढावर म्हापशाच्याचे पाय गेले. मडगावच्यापेक्षा 9 सेकंद त्याने गमावले आणि एकूणात त्याच्यामागे 40 सेकंदांच्या फरकाने तो तिसरा आला. म्हणजे सकाळी होता तिथेच. साखळीच्याला पाय ढकलायलाही ताकद उरली नव्हती. तो हायस्कूलच्या भिंतीला सायकल टेकवून खाली बसला. पर्येत त्याचे आईवडील रस्त्याच्या कडेला उभे होते. पहाटेपासून दोन फेऱ्यांत चार वेळा त्याला बघितलं, त्यांतल्या शेवटच्या वेळी तो सगळ्यांच्या पुढे होता.

बक्षीस समारंभाआधी आम्ही बाजारातल्या एका हॉटेलात बसलो. पाव, पातळभाजी, बन, चहा. कोल्हापूरचा शेजारच्या टेबलावर होता. मोकळा माणूस. त्याने कौतुकाने मला म्हटलं, "तुमचं ते मोठं इंजिन काय ओढत होतं हो! मला वाटलं, पुढं तुमचाच पोरगा हाय, ह्यो कशाला ओढतोय? पण ओढतोय तर ओढू दे, आपण कशाला बोलायचं." आमच्या टेबलावर दोघेही ऐकत होते. साखळीच्याने पाव मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. म्हापशाचा उठून हात धुवायला गेला.

त्यानंतर तीन आठवडे साखळीचा दिवाडीला आला नाही. शिफ्ट आहे, म्हणाला.

मी दोघांशी वेगवेगळा बोललो. साखळीच्याने रडगाणं गायलं नाही. एवढंच म्हणाला, "भाई, दुसरं कोणी धरलं असतं तर वाईट वाटलं नसतं. मागे वळून बघितलं तर आपलीच जर्सी पुढे." म्हापशाच्याने आधी सांगितलं की तो बेळगावच्याला धरायला निघाला होता. मी त्याच्यासमोर त्याच्याच सायकलवरच्या त्या पट्टीचा फोटो ठेवला आणि विचारलं, "पन्नास ऐकलंस तेव्हा डोक्यात काय आलं?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीन सेकंद उरले."

या उत्तराबद्दल मला त्याचा आदर वाटतो. आणि पुढे तो जे म्हणाला ते या प्रकरणाचं खरं दुखणं आहे असं मला वाटतं: "38 व्या वर्षी पहिल्यांदा मी स्टेजवर उभा राहणार होतो. एंट्री मी भरली, रजा माझी गेली, मुलीचा वाढदिवस सोडून आलो. क्लबचा तिसरा नंबर येईल म्हणतोस. क्लब म्हणजे कोण रे भाई? मला कोणी विचारलं होतं, तुझी जागा देशील का म्हणून?"

कोणी विचारलं नव्हतं. मी गृहीत धरलं होतं.

व्यावसायिक रेसमध्ये साथीदाराच्या मागे लागू नये हा नियम आपण टीव्हीवर बघतो आणि जसाच्या तसा उचलतो. पण तिथे जो दुसऱ्यासाठी ओढतो त्याला त्याचाच पगार मिळतो, आणि जिंकलेली रक्कम टीममध्ये वाटून घ्यायची प्रथा आहे. तरीसुद्धा तिथेही हे सुरळीत चालत नाही. 1985 मध्ये बर्नार हिनॉने पाचव्यांदा टूर द फ्रान्स जिंकली, त्याच टीमच्या ग्रेग लेमाँडने त्याच्यासाठी स्वतःला आवरलं, आणि पुढच्या वर्षी मी तुला मदत करीन असा शब्द हिनॉने दिला. 1986 साली हाच हिनॉ लेमाँडवर हल्ले करत होता. जिंकला लेमाँडच, पण ती जखम दोघांनी वर्षानुवर्षं बाळगली. याच्या उलट 2023 ची स्पेनमधली व्हुएल्टा ही रेस. सेप कुसने त्याच वर्षी इटलीच्या जिरो डि'इटालियात आपल्याच टीमच्या रोग्लिचसाठी आणि टूर द फ्रान्समध्ये आपल्याच टीमच्या विंगेगार्डसाठी जिवाचं रान केलं होतं, दोघेही जिंकले. व्हुएल्टात कुस स्वतः पुढे असताना आंग्लिरूच्या चढावर या दोघांनी त्याला मागे टाकलं, आणि त्याची आघाडी 8 सेकंदांवर आली. त्यानंतर टीमने ठरवलं, यंदा कुसचं. शेवटी कुस पहिला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. कुसचं देणं होतं, ते फेडलं गेलं. उशिरा का होईना, कोणीतरी तोंडाने बोललं.

आमच्यासारख्यांकडे पगार नाही. आमच्याकडे साथीदाराला द्यायला एकच गोष्ट आहे: पुढचा रविवार. आज तू माझ्यासाठी वाऱ्यात राहिलास, पुढच्या रेसला मी तुझ्यासाठी राहीन. पण हा व्यवहार मनातल्या मनात ठेवला की दोघांचे हिशोब वेगळे होतात. म्हापशाच्याच्या मनात होतं, मी त्याला सायकल दिली, तीन वर्षं शिकवलं, एक दिवस तो माझ्यासाठी थांबेल. साखळीच्याच्या मनात होतं, सपाटीच्या चार रेसमध्ये मी दादासाठी बाटल्या वाहिल्या, पुढच्यांशी पडलेल्या फटी बुजवल्या, घाट तरी माझा. दोघांचंही खरं होतं. मी दोघांना ओळखतो, तरी दोघांची ही यादी मला रेस संपल्यावर कळली.

आता आम्ही काय करतो, ते थोडक्यात. रेसच्या आदल्या रात्री प्रत्येकजण सगळ्यांसमोर एका वाक्यात सांगतो, उद्या मला काय हवं आहे. "क्लबसाठी जे होईल ते" हे वाक्य चालत नाही. पहिल्या वेळी चौघांनी तेच म्हटलं, परत सांगायला लावलं. मग ठरतं, कोणाचा दिवस. ज्याचा नाही त्याला मी नाव घेऊन विचारतो, देशील का. नाही म्हणायची मुभा आहे. एकदा एकाने नाही म्हटलं, त्याने त्याची स्वतंत्र रेस केली, कोणी तोंड वाकडं केलं नाही. आणि "चढावर बघू"च्या जागी आता असं बोलतो: साखळीचा पुढे गेला आणि मागे दादा असेल, तर दादा बसून राहणार, अंतर कितीही होवो, साखळीचा पुढे पाळी देणार नाही. अंतर कितीही होवो, हे शब्द म्हापशाच्यानेच घालायला लावले. पट्टीवर आता आपल्या क्लबचे नंबर लिहीत नाही.

एक वही केली आहे. साधी, दोनशे पानी, कापडी पाठीची. रेसची तारीख, कोणाचा दिवस होता, कोणी दिला. काहींना ती बालिश वाटली, मलाही सुरुवातीला थोडी लाज वाटली. पण गावातल्या दुकानात उधारी लिहून ठेवतात ती माणसावर विश्वास नाही म्हणून नव्हे.

जानेवारीच्या शेवटी साखळीचा दिवाडीला परत आला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना म्हापशाच्याने त्याच्या मागच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघितली आणि न विचारता आपला पंप काढला. हवा भरत असतानाच म्हणाला, "घाटाचं माझं चुकलं रे." साखळीचा म्हणाला, "मी पण ओढायला नको होतं दादा." फेरी लागली, सगळे चढलो.

वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ त्याच डिसेंबरची आहे, मागाहून लिहिलेली, म्हापशाच्याच्या अक्षरात. साखळीच्याला एक दिवस देणे. त्यापुढची जागा अजून कोरी आहे. फेब्रुवारीतली रेस सपाटीची होती, तिथे द्यायची वेळ आली नाही. पुढची घाटाची आहे. या वेळी आंबोली.